सहावीत आलेली तांड्यावरची मुलं वर्गात गप्प झालीत, काय करावं?

सहावीच्या बाई

नमस्कार. पुसदच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते. गावातली मुलं पहिलीपासून आमच्याकडेच असतात. आसपासच्या तांड्यांवरची मुलं तिथली छोटी शाळा संपवून मधूनच येऊन मिळतात. तिकडे मोकळी असणारी ही मुलं इकडे तोंड उघडत नाहीत. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची बोली, बोलतात, त्यामुळे मराठी वाचताना उच्चार जरा वेगळा पडला की मागच्या बाकांवर खिदळणं सुरू. एक मुलगी तोंडी हिशेब भराभर करते, वहीत बरोबर उत्तर दाखवते, पण फळ्याशी बोलावलं की मान खाली. रागावलं की हसू थांबतं, मी वर्गाबाहेर गेले की पुन्हा तेच.

दिवाळीनंतर यातली काही आईबापांबरोबर ऊसतोडीला जातील. शाळेवरून मन आत्ताच उडालं तर ती परत येणार नाहीत, याची मला धास्ती वाटते. समुपदेशक वगैरे आमच्याकडे नाही. या वयाच्या मुलांबरोबर काम केलेल्यांनी उपाय सांगा, अगदी बारीकसारीकसुद्धा.

गणितवाला

बाई, सहावीला अपूर्णांक आहेतच, तिथून सुरुवात करा. १/२ + १/३ दिलं की बरीच मुलं २/५ लिहितात. वह्या तपासताना असं एक उत्तर मी बाजूला काढतो, नाव न घेता फळ्यावर लिहितो आणि विचारतो, "हे लिहिणाऱ्यानं काय विचार केला असेल?" अंशात अंश मिळवला, छेदात छेद, हे मुलं लगेच ओळखतात. मग म्हणतो, "अर्धी भाकरी ताटात होती, वर आणखी तुकडा वाढला. आता ती अर्ध्याहून जास्त झाली ना? मग २/५ म्हणजे अर्ध्याहून जास्त की कमी?" वर्ग आधी गप्प होतो, मग एकच गलका. कागदाची पट्टी सहा भागांत दुमडायला लावा. अर्ध्याचे ३ भाग, एक तृतीयांशाचे २, मिळून ५/६ हातात दिसतात. ज्याचं उत्तर चुकलेलं असतं त्याच्या विचारावर सगळा वर्ग डोकं लावतो, आणि बहुतेक वेळा पट्टी दुमडायला तोच पुढे येतो.

एकेकट्याला फळ्याशी बोलावणं तूर्त थांबवा. जोडी पाठवा, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. प्रश्न टाकला की "हात वर" नको, "आधी शेजाऱ्याशी बोला" म्हणा. उत्तर नंतर घ्या.

तांड्याची लेक

मी तांड्यावरच शिकले, आता शिक्षिका आहे. गणितवाला सरांच्या जोड्यांमध्ये मुलांना गोरमाटीत बोलू द्या, हे आग्रहानं सांगते. विचार आधी घरच्या भाषेत पक्का होतो, मग मराठीत सांगायला जीभ वळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं आहे, आणि मूल भीती-दडपणापासून मुक्त असावं हेही त्याच कलमात आहे. कुणी अधिकारी हरकत घेतील तर दाखवा.

वाचनासाठी एक करा. उद्या जो उतारा मोठ्यानं वाचायचा तो आज सांगून ठेवा. घरी दोनदा वाचून आलेलं मूल अडखळत नाही, आणि हसणाऱ्यांना निमित्त उरत नाही.

गावातल्या मुलांनाही गोरमाटी शब्द शिकू द्या. "याडी" म्हणजे आई, इथून सुरू करा. शिकवणारं पोरगं तांड्यावरचं असेल, तेव्हा अडखळायची पाळी दुसऱ्यांची. वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले. १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. १ जुलैला त्यांच्या जयंतीचा कृषी दिन शाळेत होतोच. त्या दिवशी भाषण तांड्यावरच्या मुलीला द्या. होळीच्या सुमारास लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणायला लावा, बघा कशी खुलतात!

पालकसभा दुपारी शाळेत ठेवू नका, मजुरी बुडते. संध्याकाळी तांड्यावर जा, नायकाला, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाला, आधी निरोप द्या. ऊसतोडीला कोण जाणार ते तिथंच कळेल. ज्या मुलांचं जाणं अटळ आहे त्यांना शिक्षण हमी कार्ड आठवणीनं द्या, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत बसता येईल.

निवृत्त मुख्याध्यापक

वरचं सगळं पटलं. फक्त एक सावधगिरी. हल्ली स्तरानुसार गट करायला सांगतात. वाचनासाठी तासभर तसे गट जरूर करा, फायदा होतो. पण तेच गट दिवसभर ठेवले की मुलं आठवड्यात ओळखतात "ढ" कोणता, मग गटाला रंगाचं नाव द्या की फुलाचं. विज्ञानाला, खेळाला, परिपाठाला गट मोडून नवे करा. भाषेत मागे असलेला मुलगा प्रयोगात पुढे असू शकतो, हे वर्गाला दिसलं पाहिजे.

हसणाऱ्यांना वर्गासमोर उभं करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम १७ नं मानसिक त्रासालाही बंदी आहे आणि ती त्या मुलांनाही लागू आहे. शिवाय अपमान झालेला मुलगा त्याचा वचपा मधल्या सुट्टीत काढतो. त्यांच्यातला म्होरक्या हेरा, बाजूला घेऊन बोला, काहीतरी जबाबदारी द्या. आमच्याकडे अशा एकाला प्रयोगाचं सामान सांभाळायला दिलं होतं. जोडीदार तांड्यावरचा. पुढे दोघं सोबतच फिरायचे.

सातवीतल्या मुलीची आई

बाई, तुमच्या वर्गातली ती मुलगी फळ्याशी जात नाही याला भाषेखेरीज आणखी कारण असू शकतं. या वयात पाळी सुरू होते. डाग पडेल या भीतीनं मुली उठत नाहीत, पुढे जात नाहीत, महिन्यातून काही दिवस येतच नाहीत. आमच्या शाळेत स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात असा नियम आहे, तिथं आम्ही विषय लावून धरला. कडी, पाण्याची बादली, झाकणाचा डबा, आणि बाईंच्या कपाटात पॅडचं पाकीट. मागायला लाजू नये म्हणून कपाटाची किल्ली एका मोठ्या मुलीकडे असते.

सहावीच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. कडीचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, उद्या आधी तेच बघते. अपूर्णांक सोमवारी सुरू करतेय, जोड्या आजच लावल्या.

तांड्याची लेक, गणित-विज्ञानात लागणाऱ्या गोरमाटी शब्दांची यादी तुमच्याकडे आहे का? अर्धा, पाव, जास्त, कमी, मोजणे, दुमडणे एवढे जरी मिळाले तरी सोमवारचा तास निभेल.