लाकडी घरे आणि भूकंप : किल्लारी आणि काश्मीर यांत एवढा फरक का?

प्रश्न (औसा, जि. लातूर)
30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात कोसळलेल्या पुष्कळ घरांना लाकडी खांब आणि तुळया होत्या. याउलट 8 ऑक्टोबर 2005 रोजी काश्मीरमध्ये 7.6 तीव्रतेचा, म्हणजे कितीतरी मोठा भूकंप झाला, तरी तेथील धज्जी-देवारी पद्धतीची लाकडी घरे बऱ्याच अंशी तगली, असे वाचले. हे कसे? आमचे वडिलोपार्जित माळवदाचे घर अजून राहते आहे, म्हणून विचारतो.

उत्तर 1 (स्थापत्य अभियंता)
आपल्याकडे लाकूड फक्त माळवद पेलत होते, भिंतीला धरून ठेवत नव्हते. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंतींत दगडांचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर असत, मध्ये माती व कपच्या भरलेल्या असत आणि दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड बहुधा नसत. त्यामुळे हादरा बसताच थर एकमेकांपासून सुटून ढासळले. शिवाय वर्षानुवर्षे गळतीवर उपाय म्हणून माळवदावर मातीची भर पडत गेलेली असते, आणि भूकंपाचे बल तर वजनाच्या प्रमाणातच वाढते. तरीही जेथे खांब-तुळयांचे सांधे शाबूत होते, तेथे भिंती पडूनही छत खांबांवर उभे राहिले, हे विसरू नये.

धज्जीत लाकडी चौकट आणि तिरप्या पट्ट्या भिंतीच्या अंगातच असतात आणि लहान लहान कप्प्यांत मातीत बसवलेले दगड किंवा विटा असतात. भिंत पातळ असते, भेग सहसा कप्प्यापुरतीच राहते आणि घर्षणात हादऱ्याची ऊर्जा जिरते.

उत्तर 2 (गुवाहाटी)
इकडे 1897 च्या भूकंपात शिलाँगच्या दगडी इमारती जमीनदोस्त झाल्यावर लाकडी चौकट, इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या लिंपलेल्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेली घरे रूढ झाली. मात्र असे घर मराठवाड्याच्या उन्हात कोण बांधील? तिकडे जाड माती गारव्यासाठी होती आणि लाकूड मुळातच दुर्मीळ होते, तेव्हा जुन्या गवंड्यांना सरसकट दोष देणे मला पटत नाही.

उत्तर 1
दोष देत नाही. प्रश्नकर्त्यांनी घर पाडण्याची घाई करू नये. आधी माळवदावरची जास्तीची माती उतरवावी, खांब व तुळई जेथे मिळतात तेथे तिरपे लाकडी टेकू ठोकून घ्यावेत आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून, सळई घालून, काँक्रीट भरून घ्यावे. भोके पाडताना भिंत हलते, म्हणून हे काम माहीतगाराच्या देखरेखीखालीच करावे.