महासरोवरांतली बुडालेली लाकडी जहाजं: वर काढावीत की तळाशीच असू द्यावीत?

दर्यासारंग: अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांतली जुनी जहाजं वर काढून संग्रहालयात ठेवा, असं म्हणणारे बरेच भेटतात. माझं मत साफ आहे: हात लावू नका. ‘आल्विन क्लार्क’ हे शिडाचं जहाज १८६४ मध्ये मिशिगन सरोवराच्या ग्रीन बेमध्ये वादळात बुडालं. १९६९ मध्ये वर काढून पाणी उपसलं, तर पठ्ठं चक्क तरंगायला लागलं! पाणी थंड आणि गोडं, समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा तिथे नाही, म्हणून सांगाडा शाबूत. पुढे मिनॉमिनी गावात लोकांना बघायला ठेवलं. लाकडावर प्रक्रिया करायला पैसा कुठून आणणार? फळ्या आकसल्या, कुजल्या, आणि १९९४ मध्ये उरलंसुरलं मोडून टाकलं.

नेमकाप्रश्न: पैसा नव्हता हा दोष जहाज वर काढण्याचा कसा? शॅम्पलेन सरोवरातली ‘फिलाडेल्फिया’ ही तोफांची नाव १७७६ च्या लढाईत बुडाली, १९३५ मध्ये वर आली आणि आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिला बुडवणारा २४ पौंडी तोफगोळाही तिच्यासोबतच ठेवलाय. तळाशी राहिली असती तर ती किती जणांनी पाहिली असती?

दर्यासारंग: ती जेमतेम १६ मीटरची, राव. स्वीडनने वर काढलेल्या ‘वासा’ या जुन्या लढाऊ जहाजाचं लाकूड टिकवायला १७ वर्षं रसायनाचे फवारे मारावे लागले. तो खर्च कुठलं गाव उचलणार?

मिलवॉकीकर: दोघंही पैशावर अडलात. ‘लेडी एल्गिन’ ही लाकडी आगबोट १८६० मध्ये मिशिगन सरोवरात ‘ऑगस्टा’ या शिडाच्या जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. सुमारे ३०० माणसं गेली, त्यात आमच्या मिलवॉकीतले आयरिश पुष्कळ. तिथली वस्तू उचलणं मला तरी पटत नाही.

कूर्मगती: भावना समजली, पण ‘तळाशी सुरक्षित’ हे गृहीतकच आता डळमळलंय. बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांनी मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांतले सांगाडे तीळभरही जागा उरली नाही इतके झाकलेत. त्यांच्या थराखाली खिळे, बोल्ट लवकर गंजतात. खिळा गेला की फळी सुटलीच. गंमत म्हणजे हेच शिंपले पाणी गाळतात, त्यामुळे पाणबुड्यांना जहाज पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतं. दिसायला लागलं तेव्हाच नासायला लागलं!

नेमकाप्रश्न: मग काढा ना वर! वाट कसली बघताय?

कूर्मगती: सगळी काढणं शक्यच नाही. ह्युरॉनवरच्या थंडर बे या २००० मध्ये संरक्षित झालेल्या क्षेत्रात चाललंय ते बरं: पाणबुड्यांच्या बोटी बांधायला तरंगते बोये, म्हणजे नांगर सांगाड्यावर पडत नाही. शिवाय आल्पेना गावातून काचेच्या तळाची बोट. पोहता न येणारा माणूसही जहाज बघून येतो. आणि जी खरंच दुर्मीळ आहेत, त्यांची मापं, छायाचित्रं शिंपल्यांच्या आधी घेऊन ठेवायची.

दर्यासारंग: हे मान्य. पण ‘दुर्मीळ’ कुठलं ते ठरवणार कोण? १८१३ मध्ये ऑन्टॅरिओ सरोवरात बुडालेली ‘हॅमिल्टन’ आणि ‘स्कर्ज’ ही लढाऊ जहाजं ९० मीटर खोल आहेत. काचेची बोट तिथे काय दाखवणार?

नेमकाप्रश्न: तेच तर मी पहिल्यापासून विचारतोय.