'अरम'मधली कलेक्टर नेमकी कुणाशी लढते?

कोरडवाहू
काल 'अरम' दुसऱ्यांदा पाहिला. गोपी नैनार यांचा 2017 चा तमिळ चित्रपट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पिण्याच्या पाण्यासाठी तडफडणारं एक गाव, तिथून अवकाशात जाणारं रॉकेट नुसत्या डोळ्यांनी दिसतं. त्याच गावात एक चिमुरडी उघड्या बोअरमध्ये पडते. जिल्हाधिकारी मदिवदनी (नयनतारा) तिच्यासाठी सगळ्यांशी भांडते, नंतर वरिष्ठांपुढे चौकशीला बसते आणि शेवटी नोकरी सोडून लोकांत जाते.

नयनताराचं काम अस्सल आहे, त्यात वाद नाही. पण माझं मन एका जागी अडलं. पडीक बोअरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच नियम घालून दिलेत. खोदायच्या 15 दिवस आधी लेखी कळवा, भोवती कुंपण घाला, सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत बुजवा. हे होतंय की नाही हे तपासायचं कुणी? जिल्हाधिकाऱ्याने! म्हणजे तो खड्डा मदिवदनीच्याच कचेरीच्या हिशेबातला. चित्रपट बोअर उघडा टाकणाऱ्या स्थानिक पुढाऱ्याला धरतो, वरच्या नेत्यांना धरतो, तिच्या टेबलावर मात्र नजर टाकत नाही. बाई यंत्रणेशी लढते म्हणून आपण टाळ्या वाजवतो. अहो, त्या गावासाठी यंत्रणा म्हणजे तीच की!

सांजवात
दादा, नियम तुम्ही बरोबर सांगितलेत, पण चित्रपट भलत्याच टोकाने धरलात. दोर टाकून झाला, सगळे उपाय थकले, पोरगी आणखी खाली सरकतेय. तेव्हा तिच्याच भावाला, त्या किडकिडीत पोराला, पाय बांधून उलटं खाली सोडायचं ठरतं. हे कुठल्या परिपत्रकात बसतं? पोरगा दगावला असता तर दोन लेकरांचा जीव तिच्या माथी आला असता. तरीही 'वरून आदेश येऊ दे' असं म्हणत ती थांबत नाही.

'अरम' म्हणजे धर्म, माणसाने पाळायचं कर्तव्य. तिरुक्कुरळ या प्राचीन तमिळ नीतिग्रंथाचा पहिला भाग त्याच नावाचा आहे. अधिकाराच्या कागदात जे लिहिलेलं नसतं ते करायची वेळ आली तर माणूस काय करतो, एवढंच दिग्दर्शकाला विचारायचंय. तिच्या कचेरीतली नोंदवही तपासत बसलो तर तो प्रश्न हातचा जाईल.

माणगंगा
मी दुष्काळी तालुक्यातला. बोअर उघडे का राहतात ते सांगतो, कारण चित्रपटावर बोलणारे इथवर येतच नाहीत. बोअर फेल गेला की शेतकरी आधीच हजारोंनी बुडालेला असतो. मग आत घातलेला केसिंग पाइप उपसून घेतात, पुढच्या बोअरला चालतो म्हणून. वर राहतं नुसतं वीतभर तोंड. पोतं टाकतात, दगड ठेवतात, पावसात गवत उगवतं आणि दोन वर्षांनी घरच्यांनाही जागा आठवत नाही. आमच्याच बांधावर असा एक होता. माझी पुतणी तिथे खेळायची, आणि हे मला 'अरम' बघेपर्यंत सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुरूम टाकून बुजवला.

ऑक्टोबर 2019 आठवतो? तिरुचिरापल्ली जिल्ह्यातलं नडुकाट्टुपट्टी, दोन वर्षांचं लेकरू. यंत्रं आली, मंत्री आले, शेजारी दुसरा खड्डा घ्यायला लागले तर खाली कातळ. 29 तारखेच्या पहाटे मृतदेह काढला. या चित्रपटाने तमिळनाडूला रडवून दोन वर्षं होत होती तेव्हा. म्हणून मी कोरडवाहूंच्या बाजूने आहे.

कोरडवाहू
माणगंगा, पुतणीचं वाचून अंगावर काटा आला.

सांजवातताई, भावाला खाली सोडण्याच्या प्रसंगाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे मीही श्वास रोखून बसलो होतो. पण राजीनामा मला अजून पटत नाही. चांगला अधिकारी खुर्ची सोडतो आणि आपल्याला तो विजय वाटतो. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत जो बसेल त्याने बंद बोअरची यादी मागवली नाही, तर त्या गावाच्या हाती काय लागलं?

सांजवात
यादी मागवायलाच हवी, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण चौकशीच्या खोलीत बसलेल्या त्या बाईकडे परत एकदा बघा. पोरगी जिवंत बाहेर आलीय, तरी जाब तिलाच द्यावा लागतोय. पाणी का नाही, बोअर उघडा का, एवढं मोठं रॉकेट उडवणाऱ्या देशाकडे खड्ड्यातून लेकरू काढायचं साधन का नाही, याचा जाब त्या खोलीत कुणी कुणाला विचारत नाही. अशा खुर्चीत तिने आणखी किती वर्षं काढायला हवी होती, ते तुम्ही सांगा.