त्रेसष्टाव्या वर्षी मोटारसायकल घ्यायची आहे : सल्ला हवा

यवतेश्वरपायथा (सातारा)

नमस्कार. माझे वय ६३, उंची पाच फूट तीन इंच असून उजवा गुडघा थोडा दुखरा आहे. १९९१ साली घेतलेली हीरो होंडा सीडी १०० मी बावीस वर्षे चालवली. शाळेची नोकरी तिच्यावरच झाली. त्यानंतर स्कूटर आली. आता निवृत्तीनंतर पुन्हा मोटारसायकल घ्यावी, आठवड्यातून दोनदा यवतेश्वर घाटाने कासकडे किंवा बोगद्यातून ठोसेघरकडे जावे आणि महिन्यातून एकदा सौभाग्यवतींना मागे बसवून वाईला जाऊन यावे, अशी इच्छा आहे.

गेल्या महिन्यात भाच्याची साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन सज्जनगडाला गेलो होतो. चढावर गाडी उत्तम चालली. वाहनतळावर थांबताना मात्र उजवा पाय टेकवला तिथली जमीन चार बोटे खोल निघाली, खालून खडी सरकली आणि गाडी हळूहळू त्या बाजूला कलत गेली. मी ती धरून ठेवण्याचा प्रयत्न केला, पण ते शक्य झाले नाही. इजा झाली नाही. दोन तरुणांनी गाडी उचलून दिली. तेव्हापासून मनात भीती बसली आहे. मला चालत्या गाडीची अडचण नाही, थांबलेल्या गाडीची आहे. कोणती गाडी पाहावी?

कृष्णाकाठ (सांगली)

सर, आपण अडचण अचूक सांगितली आहे आणि निवडही तिथूनच सुरू करावी, असे मला मनापासून वाटते. माझे वय ६७ आहे. आपल्या वयात सीसी आणि वेग यांच्या आधी दोन आकडे पाहावेत, गाडीचे वजन आणि सीटची उंची. रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो आणि सीट ८०५ मिलिमीटर उंच आहे. होंडा हायनेस सीबी ३५० ही १८१ किलोची असून तिची सीट ८०० मिलिमीटरवर आहे. दोन्ही गाड्या सुंदर आहेत, परंतु आपल्या उंचीच्या माणसाला थांबल्यावर चवड्यांवरच उभे राहावे लागेल, आणि कललेल्या गाडीला चवड्यावर तोलता येत नाही.

बजाज अॅव्हेंजर स्ट्रीट १६० जरूर पाहावी. सीट अवघी ७३७ मिलिमीटर, वजन १५६ किलो. दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. मी ती सहा वर्षे चालवत आहे. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे पावलापावलाने गाडी न्यावी लागते, तेव्हा या ठेंगण्या सीटचे मोल समजते.

गॅरेजवाला (कराड)

काकांच्या मताचा आदर राखून एक गोष्ट जोडतो. अॅव्हेंजरमध्ये पाय पुढे जातात, त्यामुळे गुडघ्याला आराम मिळतो हे खरे. पण बसणाऱ्याचा सगळा भार माकडहाडावर येतो आणि खड्डा आला की फूटरेस्टवर जोर देऊन अंग सीटवरून उचलता येत नाही. धक्का थेट कमरेत जातो. ठोसेघरच्या रस्त्याला पावसाळ्यानंतर हे जाणवेल. कंबर धड असेल तरच ती घ्यावी.

आपण टीव्हीएस रोनिन बसून पाहावी. २२५.९ सीसी, सुमारे १६० किलो, सीट ७९५ मिलिमीटर. क्लच हलका आहे, त्यामुळे घाटात वारंवार गिअर बदलताना मनगट दुखत नाही, आणि वरच्या प्रकारात दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) मिळते. उंची कागदावर जास्त वाटेल, परंतु सीटची रुंदीही तितकीच महत्त्वाची असते. पुढच्या बाजूला सीट निमुळती असेल तर पाय सरळ खाली उतरतो. तरीही कमी पडल्यास सीटवाल्याकडून फोम इंचभर उतरवून घेता येतो. तो थोडा थोडा उतरवावा, एकदम नाही, नाहीतर खालचा पत्रा टोचू लागतो.

राहिला प्रश्न पडण्याचा. ज्या गाड्या उभ्या-उभ्या पडून माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे कारण एकच असते : हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला. गाडीचा राहिलेला वेग त्या वळलेल्या चाकावर अडतो आणि गाडी आतल्या बाजूला कोसळते. थांबण्याआधीच्या शेवटच्या दोन हात अंतरात हँडल सरळ ठेवावे, मागचा ब्रेक वापरावा आणि पाय टेकवण्याआधी ती जागा डोळ्यांनी पाहून घ्यावी. उतारावर गाडी लावताना तोंड चढाकडे ठेवून पहिल्या गिअरमध्ये सोडावी.

कृष्णाकाठ (सांगली)

कंबरेबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे. मी सपाट मुलखात राहतो, म्हणून तो माझ्या ध्यानात आला नाही. आणखी एक : लायसन्सची मुदत तपासून घ्यावी. पंचावन्न वर्षांनंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचेच होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना १-अ) लागते. त्या निमित्ताने डोळे तपासून घ्यावेत, कारण संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपू लागले असतील तर परतीची वेळ आधीच ठरवलेली बरी.

यवतेश्वरपायथा (सातारा)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. या आठवड्यात दोन्ही गाड्या पाहून आलो. अॅव्हेंजरवर बसताच पाय असे टेकले की भीती तिथल्या तिथे निम्मी झाली, पण वीस मिनिटांच्या फेरीत कंबर भरून आली. रोनिनवर डावा तळवा पूर्ण आणि उजव्या पायाची बोटे टेकतात. मग चालवण्यापेक्षा दुसरीच परीक्षा घेतली : इंजिन बंद ठेवून, खाली उतरून, शोरूमसमोरच्या उतारावरून ती पाठीमागे ढकलत वर नेली. दोनदा थांबावे लागले, पण एकट्याने नेली. भाच्याची गाडी तशी हललीही नव्हती. सौभाग्यवतींनाही मागे बसवून पाहिले. मागे पाय ठेवण्याची जागा त्यांना थोडी उंच वाटते, परंतु वाईपर्यंत चालेल असे त्या म्हणाल्या.

रोनिन नोंदवली आहे, दोन्ही चाकांना एबीएस असलेली. सीटचा फोम प्रथम अर्धा इंच उतरवून घेईन. गाडी आल्यावर पहिले आठ दिवस घाटात न जाता सकाळी मोकळ्या मैदानावर फक्त थांबण्याचा आणि वळण्याचा सराव करणार आहे.