अनुभव धागा : आपण गे आहोत हे पहिल्यांदा मित्राला सांगताना

आपण गे आहोत हे स्वतःला उमगणं आणि ते कुणापुढे तरी मोठ्याने बोलणं यांच्यामध्ये बहुतेकांच्या आयुष्यात एक मित्र उभा असतो. ही वाट माहीत असलेल्यांनी लिहा, टोपणनावाने. आत्मकथा नकोत. काय करावं आणि कुठे फसतं, तेवढंच.

उंबरठा
पहिला माणूस निवडताना ‘सगळ्यात जवळचा कोण’ हे बघू नका, कुणाच्या पोटात गोष्ट राहते ते बघा. तो इतरांची गुपितं तुमच्यापाशी बोलत असेल तर तुमचंही बाहेर जाणार. कुणी ‘बायल्या’ म्हणून टर उडवली की तो हसतो, गप्प बसतो की विषय मोडतो? विषय मोडणारा असेल तर अर्धं काम झालं. तुमच्या घरी ऊठबस नसलेला असेल तर आणखी बरं.

ज्याच्यावर जीव जडलाय त्याला मात्र पहिल्यांदा सांगू नका. ‘मी गे आहे’ आणि ‘तू मला आवडतोस’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. एकत्र बोललात तर नकार दुसऱ्या वाक्याला मिळतो आणि जखम पहिल्या वाक्याला होते. हे इतक्यांदा घडतं की वेगळं लिहायलाच हवं.

रातकिडा
समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना बोला, नजर चुकवायची सोय राहते. पुढचा तासभर दोघांनाही कुठे जायचं नसावं. पिऊन नको, सकाळी ‘त्याला नक्की काय कळलं’ हाच घोर लागतो. लिहूनही नको, स्क्रीनशॉटला पाय फुटतात.

वाक्य लहान ठेवा: ‘वाईट बातमी नाही. मी गे आहे. अजून कुणाला माहीत नाही, तूही सांगू नकोस.’ शेवटचा तुकडा हमखास राहून जातो, आणि मित्राला वाटतं की बाकीच्यांना ठाऊकच असेल.

दुसरी बाजू
ऐकणाऱ्यांसाठी. ‘मला आधीच माहीत होतं’ प्रेमाने म्हटलं तरी ते टोचतं. इतकी वर्षं झाकलेलं दिसतच होतं, मग आणखी कुणाकुणाला दिसलं, हा किडा डोक्यात शिरतो. ‘एकदा मुलीबरोबर राहून बघ’ तर नकोच. त्यापेक्षा विचारा, ‘कुणाकुणाला माहीत आहे? कुणासमोर जपून बोलू?’

आणि दोन-तीन दिवसांत आपणहून फोन करा, नेहमीच्याच फालतू कारणासाठी. त्या दिवसांतल्या शांततेचा अर्थ सांगणारा ‘तुटलं’ असाच लावतो.

उंबरठा
मित्राने ‘हा आजार बरा होतो का रे’ असं विचारलं तर: अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973 मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. एवढं पुरे, वाद वाढवू नका.

चौकट
मित्राचा खरा उपयोग पुढे, कुणाला भेटायला लागलात की होतो. डेटिंग ॲपवर अंतर दाखवणं बंद ठेवा, लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू देऊ नका, इतरत्र टाकलेला फोटो तिथे वापरू नका, कारण फोटोवरून माणूस शोधता येतो. पहिली भेट वर्दळीच्या जागी. कुणाला, कुठे भेटतोय आणि परतायची वेळ मित्राला कळवा. अडचणीसाठी एक साधा शब्द ठरवून ठेवा.

लेटेक्सच्या कंडोमबरोबर तेल किंवा व्हॅसलीन वापरू नका, तो फाटतो. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण चालतं. कंडोम फाटला तर एचआयव्ही रोखणारी पेप ही औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. पुढे 28 दिवस घ्यायची. लाजेपायी हे तास वाया जातात, म्हणून दवाखान्यात मित्राला बरोबर न्या. लगेच केलेल्या तपासणीत ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. डॉक्टर पुन्हा बोलावतील त्या तारखेला जा.

रातकिडा
एक भर. गे नसलेला मित्र कितीही चांगला असला तरी काही गोष्टी दुसऱ्या गे मित्रापाशीच बोलता येतात. तोही शोधा, आणि त्याच्याशी नातं मैत्रीचंच राहिलं तर हिरमुसू नका.

दुसरी बाजू
मित्र बिथरला तर समजावत बसू नका. ‘वेळ घे, पण कुणाला बोलू नकोस’ एवढं सांगून निघा. तो धमकी देऊन पैसे मागायला लागला तर पहिला हप्ताही देऊ नका, मागणी वाढतच जाते. मेसेज पुसू नका. त्यांच्या प्रती दुसऱ्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवा आणि मग वकील गाठा.