ज्येष्ठांचा नाट्यगट: पाठांतरामुळे गळती लागली आहे, काय करावं?

नांदी: आठवड्यातून एक तास, बारा जण, वय ६५ ते ८२. दोघांना कमी ऐकू येतं, एका बाईंना विस्मरण आहे, चौघांचे गुडघे दुखतात. एकांकिका घेतली, पण "आता पाठ होत नाही" म्हणत तिसऱ्या तालमीपासून माणसं यायची थांबली. संहिता सोडून द्यावी का?

विंगेतून: संहितेचं नंतर बघू, आधी खुर्च्या बघा. हात असलेल्या, न सरकणाऱ्या, गोलात मांडलेल्या. पहिली १० मिनिटं बसूनच खांदे, मनगटं, जबडा मोकळा करायचा, मग लांब 'आ' आणि 'ऊ'. मान मागे टाकून गोल फिरवायला लावू नका, चक्कर येते. बसलेल्याला एकदम उभंही करू नका, रक्तदाब उतरतो. आधी टाचा दहादा उचलायच्या, खुर्ची धरून उठायचं, थोडं थांबायचं, मग पाऊल.

मग शब्दांशिवायचा खेळ: नसलेली भरलेली बादली शेजाऱ्याला द्यायची. त्याने तेवढंच वजन पेलत घ्यायची आणि तिचं झोपलेलं बाळ करून पुढे द्यायचं. कमी ऐकणारे इथे मागे पडत नाहीत. एकच फेरी, दुसरीत रंग उतरतो.

सूचना देताना खिडकीकडे पाठ करू नका. चेहरा काळोखात जातो, ओठ दिसत नाहीत. ओरडूनही उपयोग नाही. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ निसटतात. सावकाश बोला, पंखा आणि संगीत बंद ठेवा.

तिसरी_घंटा: संहिता सोडू नका, घोकंपट्टी सोडा. हेल्गा आणि टोनी नोइस यांनी नटांच्या स्मरणाचा अभ्यास केला. नट शब्द घोकत नाहीत, पात्राला समोरच्याकडून काय हवंय ते शोधतात. ज्येष्ठांना चार आठवडे असं अभिनयाचं शिक्षण दिल्यावर त्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली (२००४).

तुम्ही दोन पानांचाच प्रवेश घ्या. अक्षर १८ पॉइंट, कागद चकचकीत नको. प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने एक क्रियापद लिहायचं: टाळतो, मनवते, डिवचतो. "आज लवकर आलास" हे तिन्ही प्रकारे म्हणून बघा. कागद हातात राहू द्या. प्रयोगही वाचूनच करा, नाट्यवाचनात कमीपणा काही नाही.

नांदी: आणि विस्मरण असलेल्या बाई?

विंगेतून: त्यांना "आठवतं का?" हा प्रश्न कधीच नको. ॲन बास्टिंग यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली टाइमस्लिप्स पद्धत वापरा: एक विचित्रसं चित्र दाखवायचं आणि विचारायचं, "हा कुठे निघालाय? तिथे वास कसला येतोय?" प्रत्येक उत्तर जसंच्या तसं फळ्यावर. एकमेकांशी न जुळणारी उत्तरंसुद्धा. पाच-सहा उत्तरं झाली की तोवरची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. बिघडतं ते आपण गोष्ट "नीट" करायला लागलो की.

चित्र घरच्या अल्बममधलं घेऊ नका. ओळखीचा चेहरा दिसला की बाईंना नाव आठवावं लागतं, आणि परीक्षा पुन्हा सुरू होते.