मदत हवी आहे: /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर ठेवूनच डेबियन ११ वरून १२ ला जायचंय

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना पीसी आहे, डेबियन ११ या लिनक्स प्रणालीवर चालतो, स्पर्धा परीक्षेची मुलं रोज त्यावर बसतात म्हणून तो बंद पडून चालणारच नाही. रूट (मूळ, /) पार्टिशन छोटं आहे, ४ जीबीचं, आणि /यूएसआर (बहुतेक प्रोग्राम आणि लायब्ररी असतात ती डिरेक्टरी) दुसऱ्या डिस्कवर वेगळं, ते पण रीड-ओन्ली माउंट केलेलं, म्हणजे फक्त वाचता येईल असं जोडलेलं, कारण लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि ज्या पार्टिशनवर काही लिहिलंच जात नाही ते निदान शाबूत राहतं. ही मांडणी मला मोडायची नाहीये.

अडचण अशी की ज्यांनी हे आधी बसवलं त्यांनी कर्नल (सिस्टिमचा गाभा) स्वतः कंपाइल केलाय आणि इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) ठेवलेलंच नाही, एक्सट४ फाइलसिस्टिम आणि साटा डिस्कचा ड्रायव्हर दोन्ही कर्नलमध्येच आहे, त्यामुळे आत्ता थेट रूट माउंट होऊन इनिट (सगळ्यात पहिला प्रोग्राम) सुरू होतं आणि /यूएसआर नंतर एफएसटॅबमधून (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्या यादीतून) येतं. आता डेबियन १२ मध्ये /बिन, /एसबिन, /लिब हे सगळे /यूएसआरच्या आतल्या डिरेक्टऱ्यांचे सिमलिंक (तिकडे बोट दाखवणारे नुसते दुवे) होणार असं वाचलं, मग /यूएसआर माउंट व्हायच्या आधी कर्नलला इनिट सापडणार कुठून? रूट मोठं करायला त्या डिस्कवर जागा नाही. अपग्रेडच्या आधी नेमकं काय करू, क्रम सांगा प्लीज.

प्रतिसाद:
शंका अगदी बरोबर आहे तुमची. कर्नल स्वतःहून फक्त रूट माउंट करतो, मग /एसबिन/इनिट शोधतो, आणि ते ज्या सिमलिंकमागे आहे ती डिस्कच अजून माउंट नसेल तर सरळ पॅनिक, म्हणजे मशीन तिथेच अडकतं. खरं तर /यूएसआर उशिरा माउंट करणं डेबियन ९ पासूनच, म्हणजे २०१७ पासून, सपोर्टेड नाही, तुमचं आजवर चाललं कारण /बिन आणि /लिब अजून रूटवर खरेखुरे आहेत. पण वेगळं /यूएसआर ठेवायला कोणाचीच ना नाही, अट एवढीच की ते इनिटरॅमएफएसने माउंट करायचं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने हेच २०१२ मध्ये १७ व्या आवृत्तीत केलं होतं.

तर आधी, ११ वर असतानाच, डेबियनचा नेहमीचा लिनक्स-इमेज-एएमडी६४ कर्नल टाका (मशीन ६४ बिटचं आहे असं धरतोय), त्याच्यासोबत इनिटरॅमएफएस आपोआप बनतं. /यूएसआरसाठी वेगळी सेटिंग लागत नाही, ते रूट माउंट करून त्यातलं एफएसटॅब वाचतं आणि /यूएसआरची ओळ दिसली की तेही माउंट करतं, त्यानंतरच इनिटला हात लावतं. फक्त त्या ओळीत एसडीबी१ असलं डिव्हाइसचं नाव असेल तर यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख क्रमांक) घाला, दोन डिस्क असल्या की नावं अदलाबदल होतात. मग नवीन कर्नलने बूट करून /रन/इनिटरॅमएफएस मधला एफएसचेकचा (पार्टिशन तपासणीचा) लॉग बघा, /यूएसआरच्या ओळीतला शेवटचा आकडा शून्य नसेल तर त्यात दोन्ही पार्टिशन दिसायला हवीत. दिसली की अर्धं काम झालं, जुना कर्नल मात्र अपग्रेडनंतर वापरू नका, ग्रबमधून (बूट होतानाच्या मेनूतून) काढूनच टाका.

प्रतिसाद:
वरच्या प्रतिसादात भर. अपग्रेड करताना यूएसआरमर्ज नावाचं पॅकेज येईल, तेच फाइली हलवतं, आणि त्याला उलटं फिरवायची सोय नाही, म्हणून बॅकअप हवाच. तुमच्याकडे डिस्क दोन असल्याने नुसतं नाव बदलून भागणार नाही, /लिबमधले कर्नल मॉड्यूल आणि फर्मवेअर सगळं /यूएसआरवर कॉपी होणार, तेवढी जागा तिथे मोकळी आहे का ते डीयू आणि डीएफ या जागा मोजायच्या कमांड चालवून आधीच बघा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार, जागा भरपूर आहे, यूयूआयडी मात्र नव्हता तो घातला. रीड-ओन्लीचं काय करायचं, दर वेळी हाताने रीमाउंट?

प्रतिसाद:
हाताने कशाला, एप्टच्या (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिगमध्ये डीपीकेजी प्री-इन्व्होक आणि पोस्ट-इन्व्होक असतात, म्हणजे पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर आपोआप चालणाऱ्या कमांड, पहिल्यात /यूएसआर रीड-राइट रीमाउंट करायची कमांड टाका, दुसऱ्यात परत रीड-ओन्ली. जुनी लायब्ररी कुठल्या चालू प्रोग्रामने धरून ठेवली असेल तर परत रीड-ओन्ली होताना 'बिझी' म्हणेल, रीबूट केलं की सुटतं. या मोठ्या अपग्रेडला मात्र हे दोन्ही बंद ठेवा, एकदाच हाताने रीड-राइट करा आणि सगळं संपेपर्यंत तसंच राहू द्या. आणि यूपीएस लावूनच बसा.